चमक आणि उजेड : खिशातील विजेरीची सव्वाशे वर्षे

‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी दिवा म्हणजे तेलवातीचा दिवा. समई असो, पणती असो की कंदील असो, त्याचा प्रकाश चहूकडे पसरे आणि सावली मात्र त्याच्याच पायाशी पडे. घरात बसल्या जागी हा दोष फारसा जाणवत नसे. पण रात्रीची वाट चालावयाची म्हटली की तोच दोष मोठा होई. कंदील हाती धरून चालणाऱ्याचे डोळे त्या कंदिलानेच दिपत, आणि पावलापुढची जी जमीन पाहावयाची, तेथे कंदिलाच्या बुडाची सावली हेलकावत राही. मशालीचा उजेड मोठा खरा, परंतु ती वागवावयास निराळा माणूस लागे; म्हणून मशालजी हा सरदारांच्या लवाजम्यातला एक स्वतंत्र चाकरच असे. वारा, पाऊस आणि तेल संपणे हे शत्रू तर साऱ्याच दिव्यांना सारखे. गोठ्यात किंवा गवताच्या गंजीजवळ दिवा नेताना आगीचे भय, ते वेगळेच.

सामान्य माणसाला एकट्याने, एका हाताने आणि वाऱ्यापावसात वापरता येईल असा दिवा मिळाला, तो एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. मराठीत त्याला ‘विजेरी’ असा सुबक शब्द आहे. बोलण्यात मात्र तो टॉर्च, किंवा नुसती ‘बॅटरी’. आणि अंधारात तिचा झोत टाकणे म्हणजे ‘बॅटरी मारणे’. या दिव्याने जुन्या म्हणीला उलटे केले. येथे प्रकाश पुढे जातो आणि अंधारात राहतो तो दिवा धरणारा.

आज ही वस्तू अंगठ्याएवढी लहान झाली आहे. खिशात किंवा किल्ल्यांच्या जुडग्यात ती सहज मावते, आणि तिच्या वेष्टनावर हजार, दोन हजार, कधी दहा हजार ल्युमेनचे आकडे छापलेले असतात. त्या आकड्यांवर कितपत विश्वास ठेवावा, हा ग्राहकापुढचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी या वस्तूचा इतिहास पाहणे उपयोगाचे ठरते. कारण आज तिच्याविषयी जो प्रश्न विचारावयास हवा, तो जन्मापासून तिच्या इंग्रजी नावातच दडलेला आहे.

विजेचा दिवा हाती घेऊन हिंडावयाचे तर वीजही बरोबर नेता आली पाहिजे. फ्रान्समधील जॉर्ज लक्लांशे याने १८६६ साली जस्त, मँगनीज डायऑक्साइड आणि नवसागराचे पाणी यांचा विद्युत्घट तयार केला. तारायंत्रे आणि विजेच्या घंटा यांसाठी तो फार उपयोगी पडला. परंतु त्याचे भांडे काचेचे आणि आत पातळ द्रव, त्यामुळे तो कलंडला की कारभार संपला. माइन्झ येथील कार्ल गासनर या जर्मन डॉक्टराने १८८६ साली यावर तोड काढली. त्याने नवसागरात प्लास्टर ऑफ पॅरिस मिसळून त्याची घट्ट लापशी केली आणि जस्ताचाच डबा करून ती त्यात भरली. हा घट उलटा केला तरी सांडत नसे. त्यातून दीड व्होल्ट दाबाची वीज मिळे. ज्याला पुढे घरोघरी ‘सेल’ म्हणू लागले आणि ज्याच्या पोटातील काळ्या पदार्थाला ‘मसाला’, तो हाच. अमेरिकेतील नॅशनल कार्बन कंपनीने १८९६ साली असे कोरडे घट सर्वसाधारण गिऱ्हाइकांसाठी विक्रीस आणले आणि विजेरीचे अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे न्यूयॉर्कमध्ये पुरे झाले. रशियन साम्राज्यातील मिन्स्क परिसरातून अकिबा होरोविट्झ नावाचा एक यहुदी गृहस्थ १८९१ साली अमेरिकेत आला आणि त्याने कॉनराड ह्यूबर्ट हे नाव धारण केले. नाना धंदे करून पाहिल्यावर त्याने विजेच्या नवलाईच्या वस्तू विकण्याचा उद्योग सुरू केला. डेव्हिड मिसेल या मूळच्या इंग्रज संशोधकाने कागदाच्या नळीत तीन घट एकामागोमाग ठेवून, नळीच्या तोंडाशी एक छोटा दिवा आणि त्यामागे पितळेचा परावर्तक बसवला. या रचनेचे अमेरिकन पेटंट १० जानेवारी १८९९ रोजी मिळाले आणि ते ह्यूबर्टच्या कंपनीच्या नावे झाले. कंपनीने काही नळ्या न्यूयॉर्कच्या पोलिसांना भेट दिल्या. रात्रीच्या गस्तीवर त्यांचा उपयोग काय, हे त्या शिपायांना समजावून सांगण्याची गरज पडली नाही. हीच कंपनी पुढे ‘एव्हर रेडी’ या नावाने जगाला माहीत झाली.

तथापि या पहिल्या विजेरीत एक मोठे न्यून होते. तिच्यातील दिव्यात कोळशाचा तंतू असे. तो वीज पुष्कळ खाई आणि प्रकाश थोडा देई. त्या काळच्या घटांनाही असा सततचा भार पेलत नसे. दिवा लावून ठेवला की आतील कांडीभोवती वायूचा थर साचे, विजेची वाट अडे आणि उजेड पिवळा पडत जाई. थोडी विश्रांती दिली की मँगनीज डायऑक्साइड तो वायू हळूहळू शोषून घेई आणि दिवा पुन्हा तरतरीत होई. म्हणून या विजेरीला दिवा सतत लावून ठेवण्याचे बटणच नव्हते. कडी दाबून धातूच्या पट्टीला टेकवावी, क्षणभर उजेड पाहून घ्यावा आणि कडी सोडून द्यावी, असा तिचा वापर होता. अमेरिकनांनी तिला ‘फ्लॅश लाइट’ म्हटले ते याच कारणाने. फ्लॅश म्हणजे क्षणाची चमक. इंग्रजांनी तिला ‘टॉर्च’ म्हणजे मशाल म्हटले. मशाल रात्रभर जळते, ही वस्तू तर क्षणभरच चमके. एका नावात तिची खरी योग्यता सांगितलेली होती आणि दुसऱ्यात तिच्याकडून असलेली अपेक्षा. पुढील सारा इतिहास म्हणजे चमकेपासून उजेडापर्यंतचा प्रवास होय.

त्या प्रवासातील पहिला मोठा टप्पा टंगस्टनचा. या धातूची तार दिव्यात घातली तर तेवढ्याच विजेत कोळशाच्या तंतूच्या दुपटीहून अधिक प्रकाश मिळतो. परंतु टंगस्टन ठिसूळ, त्याची तार ओढता येत नसे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत विल्यम कूलिज याने ती युक्ती साध्य केली आणि १९१० नंतरच्या काही वर्षांत टंगस्टनचे दिवे सर्वत्र पसरले. घटही सुधारले, आणि विजेरीला सरकते बटण मिळाले. आता तिला फ्लॅश लाइट म्हणण्याचे कारण उरले नाही, तरी नाव मात्र टिकले.

वस्तूची खरी किंमत टंचाईत कळते. १ सप्टेंबर १९३९ पासून ब्रिटनमध्ये रात्रीची दिवाबंदी लागू झाली. रस्त्यावरचे दिवे मालवले गेले आणि वाहनांच्या दिव्यांवर झापडे चढली. अंधारात धडकून, पडून आणि वाहनाखाली सापडून माणसे दगावू लागली, तेव्हा हातातील विजेरीला मुभा मिळाली. पण काचेवर पातळ कागद लावून आणि झोत जमिनीकडे ठेवून. विजेरीला मुभा मिळताच सेल बाजारातून नाहीसे झाले. नाझींच्या ताब्यातील हॉलंडमध्ये तर फिलिप्स कंपनीने मुठीत दाबून चालवावयाची विजेरी काढली. तिच्यात सेल नव्हताच. मूठ दाबली की आतील लहानसे जनित्र गरगरे आणि दिवा लागे. या दोन्ही गोष्टींतून एकच धडा मिळतो. अंधारात चालणाऱ्याला झगझगीत प्रकाश नको असतो. पुढची दोन पावले दिसतील एवढा, पण हवा तेव्हा आणि हवा तितका वेळ मिळणारा प्रकाश त्याला हवा असतो.

भारतात या वस्तूने खेड्यापाड्यांत जे स्थान मिळवले, ते वीज पोहोचण्यापूर्वी मिळवले. आयात होणाऱ्या मालामागोमाग १९३४ साली एव्हरेडीची भारतीय कंपनी स्थापन झाली आणि कलकत्त्यास सेल बनू लागले. पुढे लखनौस विजेऱ्यांचा कारखाना निघाला. १९५९ पासून ही कंपनी युनियन कार्बाइड इंडिया या नावाने चालली, आणि १९८४ च्या डिसेंबरातील भोपाळच्या वायुदुर्घटनेशी ते नाव कायमचे जोडले गेले. अलाहाबादेची ‘जीप’ विजेरीही उत्तर हिंदुस्थानात तितकीच परिचित होती. चकचकीत मुलाम्याची, पोटात दोन किंवा तीन जाडे सेल बाळगणारी ही विजेरी उशाशी असे, दाराच्या खुंटीला टांगलेली असे आणि रात्रीच्या राखणीला शेतावर जाई. तिचा प्रकाश तो केवढा? दहा-वीस ल्युमेनच्या आतबाहेर, म्हणजे एक-दोन मेणबत्त्यांइतका. पण आरशाने तो एकवटलेला असल्यामुळे बांधापलीकडचे झाड दिसे. सेल उतरले की ते उन्हात ठेवून पुन्हा चार दिवस चालवीत. या युक्तीत तथ्य होते, कारण ऊब मिळाली की घटातील रासायनिक क्रिया काही काळ जोर धरते. सेल विसरून आतच राहिले की मसाला फुटून नळी खाऊन टाकी, हाही अनुभव घरोघरचा.

यानंतर सुधारणा झपाट्याने झाल्या. कॅनडात जन्मलेल्या लुइस उरी याने अमेरिकेत केलेल्या प्रयत्नांतून १९५० च्या दशकाच्या अखेरीस अल्कलाइन सेल आला. तो जास्त टिके आणि सततचा भार पेलू शके. १९७९ साली कॅलिफोर्नियातील टोनी मॅग्लिका याने घडीव ॲल्युमिनियमची दणकट विजेरी बाजारात आणली. मात्र आजच्या लहानग्या विजेरीचा पाया दोन निराळ्या शोधांनी घातला. पहिला शोध प्रकाश देणाऱ्या अर्धवाहकाचा, म्हणजे एलईडीचा. तांबडा एलईडी निक होलोन्याक याने १९६२ सालीच दाखवला होता, परंतु पांढऱ्या प्रकाशासाठी निळा हवा होता आणि तो तीस वर्षे कोणाला साधत नव्हता. जपानमध्ये इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांनी तो साधला. निळ्या प्रकाशावर पिवळ्या झळाळीचे लेपन देऊन १९९६ मध्ये पांढरा एलईडी बाजारात आला आणि २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. दुसरा शोध लिथियम-आयन घटाचा. सोनी कंपनीने तो १९९१ साली विक्रीस आणला. त्याचा पाया घालणारे स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. टंगस्टनचा छोटा दिवा एका वॅटमागे दहा ल्युमेनच्या आसपास प्रकाश देई. चांगला एलईडी शंभराच्या वर देतो. दहा पटींचा हा फरक पडल्यामुळे एके काळी मोटारीच्या दिव्यातून मिळणारा प्रकाश आज सदऱ्याच्या खिशात मावतो.

आणि येथेच जुना प्रश्न नव्या रूपाने पुढे येतो. लहान विजेरीतून मोठा प्रकाश काढता येतो, पण तो किती वेळ? एलईडीला दिलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक शक्ती प्रकाश न होता उष्णता होते. मोठ्या विजेरीचे अंग ती उष्णता पसरवू शकते. बोटाएवढ्या विजेरीला तेवढे अंगच नसते. दोन-चार मिनिटांत ती हाती धरवेना इतकी तापेल, म्हणून आतील यंत्रणा प्रकाश आपोआप उतरवते. दोन हजार ल्युमेनने सुरू झालेली विजेरी थोड्याच वेळात पाचशे-सहाशेवर येऊन स्थिरावते. ही लबाडी नव्हे, ते भौतिकशास्त्र आहे. लबाडी आहे ती वेष्टनावर फक्त पहिला आकडा मोठ्या अक्षरांत छापण्यात. मिसेलच्या विजेरीला घटाने घातलेली मर्यादा आता उष्णतेने घातली आहे. आणि सव्वाशे वर्षांनी विजेरी पुन्हा एकदा, निदान तिच्या जाहिरातीत, क्षणाची चमक होऊन बसली आहे.

हा गोंधळ आवरण्यासाठी अमेरिकेत २००९ साली ‘एफएल-१’ नावाचे प्रमाण ठरवण्यात आले. ते समजून घेणे कठीण नाही. विजेरी सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंतच्या अवधीत मोजलेला एकूण प्रकाश म्हणजे तिचे ल्युमेन. प्रकाश मूळच्या एक दशांशावर येईपर्यंतचा काळ म्हणजे तिचा टिकाव. पौर्णिमेच्या चांदण्याइतका, म्हणजे पाव लक्स उजेड जेथे पडतो, ते अंतर म्हणजे तिची पोच. या व्याख्या प्रामाणिक आहेत, पण त्या एकत्र वाचताना फसगत होऊ शकते. ‘दोन हजार ल्युमेन, तीन तास’ याचा अर्थ तीन तास दोन हजार ल्युमेन असा होत नाही. पहिल्या दोन मिनिटांनंतर दोनशेपर्यंत घसरत जाऊन तीन तास, असाही तो असू शकतो. पोचेच्या आकड्याचेही तसेच. पाव लक्सच्या उजेडात दोनशे मीटरवर काहीतरी आहे एवढे कळते. ते झुडूप की जनावर, हे कळेलच असे नाही.

ज्या विजेरीवर असे प्रमाणही नाही, तिच्यासाठी साधे अंकगणित पुरते. खिशातील जोरदार विजेऱ्यांत बहुधा अठरा मिलिमीटर जाडीचा आणि पासष्ट मिलिमीटर लांबीचा, ‘१८६५०’ नावाचा लिथियम-आयन सेल असतो. उत्तम सेलची क्षमता ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. सुमारे ३.६ व्होल्ट दाबाने तिचा हिशेब केला तर साडेबारा वॅट-तासांची शक्ती होते. एका वॅटला शंभर ल्युमेन धरले आणि थोडी तूट वजा केली, तर त्यातून बाराशे ल्युमेन एक तास मिळतील, तीनशे ल्युमेन चार तास किंवा शंभर ल्युमेन बारा तास. एकाच सेलवर दहा हजार ल्युमेन कित्येक तास देण्याचे वचन छापलेले असेल, किंवा त्याच आकाराच्या सेलवर ९,९०० मिलिअँपिअर-तास असा आकडा असेल, तर ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ एवढेच म्हणता येईल. घरी पडताळून पाहावयाचे तर सेल पूर्ण भारून विजेरी भिंतीवर रोखावी आणि पहिल्या, पाचव्या, पंधराव्या व साठाव्या मिनिटाला मोबाइलमधील प्रकाशमापकाने आकडे टिपावेत. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये, कारण हळूहळू उतरणारा उजेड डोळ्यांना कळत नाही.

हा हिशेब केवळ हौशी लोकांसाठी नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे, म्हणजे दरसाल सरासरी ५८ हजार, मृत्युमुखी पडली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. यांतील बहुतेक मृत्यू खेड्यांतले, आणि निम्मे पावसाळ्यातले. मण्यार ही निशाचर, ती झोपलेल्या माणसाच्या अंथरुणापर्यंत येते. घोणस बांधावरच्या गवतात पडून राहते. महाराष्ट्रात शेतीपंपांची वीज पुष्कळ वेळा रात्रीच्या पाळीत मिळत आली आहे. अशा वेळी दारे धरावयास निघालेल्या शेतकऱ्याला दूरवरचे झाड दिसून काय उपयोग? त्याला पावलापुढची पाचदहा हात जमीन रुंद आणि स्वच्छ दिसली पाहिजे, आणि ती पहाटेपर्यंत दिसत राहिली पाहिजे. त्यासाठी शंभर ल्युमेन पुरे होतात. प्रकाश चौपट केला म्हणून डोळ्यांना चौपट दिसत नाही. उलट जवळच्या ओल्या पानावर पडलेला प्रखर झोत डोळे दिपवतो, आणि अंधाराला पूर्ण सरावण्यास डोळ्यांना पुन्हा वीस-तीस मिनिटे लागतात.

यावरून रोज जवळ बाळगावयाच्या विजेरीची परीक्षा कशी करावी, हे सहज ठरते. तिच्यात मंद, मध्यम आणि प्रखर असे टप्पे असावेत, आणि बटण दाबताच मंद किंवा मध्यम उजेड यावा. तिचा झोत फार निमुळता नसावा. पाणी व पडझड सोसण्याची तिची क्षमता मोजलेली असावी. खिशात बटण चुकून दाबले गेल्यास ती पेटू नये अशी कळ असावी, कारण प्रखर विजेरी कापडाला टेकून राहिली तर कापड जळते. सेल नावाजलेला असावा आणि बदलता यावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिच्या पहिल्या मिनिटाचा नव्हे, साठाव्या मिनिटाचा उजेड किती, हे विचारावे. प्रखर टप्पा निरुपयोगी नाही. दूरवर आवाज झाला, जनावर आडवे आले, कोणी हाक मारली, तर ती क्षणाची चमक मोलाची ठरते. पण तो प्रसंग क्वचितचा असतो आणि वाट मात्र रोजची असते.

न्यूयॉर्कच्या पहिल्या कारखानदारांनी आपल्या वस्तूला फ्लॅश लाइट म्हटले, तेव्हा ती काय करू शकत नाही हे त्यांनी नावातच सांगून टाकले होते. आजच्या कारखानदारांकडून तेवढ्याच सरळपणाची अपेक्षा करणे गैर नाही. तोपर्यंत वेष्टनावरचा मोठा आकडा वाचून झाल्यावर खालचा बारीक मजकूर वाचावा, आणि घरी आल्यावर घड्याळ समोर ठेवून विजेरी तासभर लावून पाहावी. रात्री शेतावर निघालेल्या माणसाला उपयोगी पडतो तो तासाभरानंतर उरलेला उजेडच.